समुद्रकाठचे बालपणीचे घर : स्थान, भरती आणि ट्रॅक्टर

समुद्रकाठचे बालपणीचे घर म्हणजे माणसाने वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षी सोडलेले आणि त्यानंतर आयुष्यभर इतरांना ऐकवलेले घर. सोडताना घरपट्टी, डागडुजी किंवा भाऊबंदकी यांपैकी कशाचीच जबाबदारी त्याच्यावर नसल्यामुळे हे घर त्याच्या मनात उत्तम स्थितीत राहते. त्याची कौले फुटत नाहीत, वाशांना वाळवी लागत नाही आणि दारचा आंबा बारमाही असतो. ठाणे, डोंबिवली आणि बोरिवली या भागांत अशी घरे असलेले लोक विपुल आढळतात. प्रत्यक्ष कोकण किनाऱ्यावर घरे त्या मानाने कमी आहेत.

या घराच्या आठवणींचा साठा मुळात तुटपुंजा असतो. बहुतेक प्रौढांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली निघते. त्याआधीचे काही उरत नाही, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतलेही तुकडेच हाती लागतात. तूट भरून काढण्याचे काम आई, आत्या आणि एखादा पिवळा पडलेला फोटो करतात, आणि कालांतराने ऐकलेले व पाहिलेले यांतली सीमा पुसली जाते. बालमानसशास्त्राचा अभ्यास करण्यात हयात घालवलेले झाँ पियाजे यांनाही ते चुकले नाही. दोन वर्षांचे असताना पॅरिसमध्ये बाबागाडीतून आपल्याला पळवून नेण्याचा प्रयत्न झाला आणि दाईने आपल्याला वाचवले, हे दृश्य त्यांना स्पष्ट आठवत असे. ते पंधरा वर्षांचे झाल्यावर दाईने पत्र लिहून कळवले की सगळी हकीकत तिने रचलेली होती, आणि बक्षीस मिळालेले घड्याळही परत केले. आठवण मात्र पियाजेंकडेच राहिली.

या प्रकाराचा एक नमुना गुहागर येथे अभ्यासण्यास मिळतो. नमुन्यातील प्रवासी पन्नाशी ओलांडलेला, डोंबिवलीत राहणारा आणि रस्त्याची चौकशी करणे कमीपणाचे मानणारा आहे. घराविषयी त्याच्या संग्रही मोजक्याच वस्तू आहेत : पोफळीच्या विरीत (झावळीच्या रुंद बुडख्यात) बसून वाडीभर ओढले जाणे, विहिरीवरच्या पायरहाटाची कुरकुर, मर्यादावेलीची जांभळी फुले, आणि चार वर्षांचा असताना एकट्याने समुद्रात पोहणे. यांपैकी शेवटची आठवण त्याच्याखेरीज कोणालाही नाही. तिच्याविषयी पत्नीने आपले मत लग्नापासून राखून ठेवले आहे.

गुहागरची वस्ती किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या एका लांब रस्त्याच्या दोन्ही अंगांनी झालेली असून तिचे खालचा पाट आणि वरचा पाट असे भाग आहेत. समुद्राच्या बाजूला रस्त्याला लागून घर, घरामागे नारळ-पोफळीची वाडी, वाडीमागे सुरूची झाडे आणि त्यापलीकडे पाच-सहा किलोमीटर लांबीची पुळण. रस्त्यावरून आत शिरताना बेडे, अंगण, पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागीलदार आणि विहीर असा क्रम लागतो. समुद्र या यादीत शेवटचा, गोठा आणि सरपणाची खोप यांच्याही नंतरचा. खारा वारा आणि आषाढातले उधाण ज्याने सोसले आहे तो घराचे तोंड समुद्राकडे करत नाही. समुद्राकडे बघत चहा पिता यावा म्हणून बांधलेली घरे अलीकडची आहेत आणि ती त्या बघण्याचे भाडे घेतात. पूर्वी पुळणीवर सकाळी वर्दळ असे, पण ती सूर्योदय पाहण्यासाठी नव्हे. पश्चिम किनाऱ्यावर त्या बाजूला सूर्योदय होतही नाही.

गावात अनेक चित्पावन कुटुंबांचे कुलदैवत असलेला व्याडेश्वर, वरच्या पाटावरची दुर्गादेवी आणि चाल करून येणारा समुद्र थोपवण्यासाठी पूर्वेचे तोंड पश्चिमेला फिरवून बसलेला उफराटा गणपती ही पाहण्यासारखी स्थळे आहेत. ती पाहण्याचे ठरले होते.

मुंबईहून जाण्याचा सरळ मार्ग म्हणजे महामार्गाने चिपळूण आणि तेथून पश्चिमेला सुमारे 45 किलोमीटर. भावनाप्रधान प्रवासी तो टाळतो. चांगल्या सडका होण्यापूर्वी कोकणचा चाकरमानी भाऊच्या धक्क्यावर बोट धरी. दाभोळसारख्या बंदराबाहेर बोट थांबली की उतारू, ट्रंका आणि कोंबड्या हिंदकळत्या पडावात उतरवल्या जात, आणि पावसाळ्यात हा सगळा व्यवहार बंद राही. आपण लहानपणी असेच बोटीने आलो-गेलो, असे नमुना-प्रवाशाचे म्हणणे असल्याने त्याने दापोलीमार्गे दाभोळ गाठून फेरीबोटीत गाडी चढवली. 2003 पासून ही फेरी दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये वाशिष्ठीच्या खाडीवर चालते आणि मोटारी, ट्रक, दुचाक्या व भावना काही मिनिटांत पलीकडे नेऊन सोडते. कठड्याशी उभे राहून प्रवासी मुलाला बोटीच्या दिवसांविषयी सांगत असताना गाडीत बसलेल्या त्याच्या ऐंशी वर्षांच्या आईने दुरुस्ती केली : बोट नव्हे, एसटी. चिपळूणपासून पनवेलपर्यंत तो ओकत होता. दाभोळची जुनी मशीद, अंजनवेलचा गोपाळगड आणि त्याच्या शेजारचा वीजप्रकल्प या मार्गावर लागतात.

घर सध्या चुलतभावाकडे आहे. जांभ्याच्या भिंती तशाच आहेत, मात्र वानरांनी कौले टिकू न दिल्याने अर्ध्या छपरावर पत्रा आला आहे. पायरहाटाच्या जागी अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार बसली आहे. मोटार कुरकुरत नाही, त्यामुळे प्रवाशाची एक आठवण तेथेच निकामी झाली. धावून पार करायला दम लागत असे ती ओटी चार पावलांत संपली. दुपारी आंबोळ्या आणि सोलकढी झाल्यावर तो पोफळीच्या झाडांखाली विरी शोधत हिंडला. विरी सापडली, पण तीत बसणारा आता त्या मापाचा उरलेला नव्हता.

लहानपणीचे सगळे मोठे होते, ही तक्रार अशा प्रवासात हमखास केली जाते. समुद्राच्या बाबतीत वस्तुस्थिती उलट आहे. क्षितिज किती दूर दिसते हे डोळे जमिनीपासून किती उंच आहेत यावर ठरते. जमिनीपासून 80 सेंटिमीटर उंचीवर डोळे असलेल्या लेकराला क्षितिज सुमारे 3.2 किलोमीटरवर दिसते. डोळ्यांची उंची 160 सेंटिमीटर झाली की ते सुमारे साडेचार किलोमीटरवर जाते. घर, विहीर, शाळा आणि मास्तर वयाबरोबर लहान होतात. समुद्र तेवढा वाढलेला असतो.

घरी परतण्याचे हे काम सर्वांत नीट करणारा प्राणी ऑलिव्ह रिडले कासव हा होय. त्याची मादी वयात आल्यावर, पुष्कळ वर्षांनी, ज्या किनारपट्टीवर ती अंड्यातून निघाली तिच्या आसपास परत येते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या खुणांवर तिची वाट बेतलेली असते, असे मानले जाते. ती रात्री येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि कोणाकडे चहाही न घेता परत जाते. फेब्रुवारी 2023 मध्ये गुहागरच्या पुळणीवर दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी संपर्क ठेवणारी यंत्रे बसवून त्यांना बागेश्री आणि गुहा अशी नावे देण्यात आली. त्यांतली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. थंडीचे महिने हा त्यांच्या विणीचा हंगाम आहे. पुळणीवर मोटारी फिरल्या तर वाळू दबून घरटी धोक्यात येतात, म्हणून वाहने खाली नेऊ नयेत अशी पाटी तेथे लावलेली होती. पाटी मराठीत, ठळक अक्षरांत आणि वाचता येईल अशा उंचीवर होती.

गाडी पुळणीवर नेण्याचा निर्णय कोणी घेतला याविषयी कुटुंबात दोन परंपरा आहेत. एका परंपरेनुसार, पूर्वी येथून भरलेल्या बैलगाड्या जात, तर मोटार का जाणार नाही, असे प्रवासी म्हणाला. दुसरीनुसार, मुलाने कोणाचा तरी व्हिडिओ दाखवला. आईला एवढ्या वाळूतून चालवणार नाही, हे कारण दोन्ही परंपरांत आहे. दोन्हींत चालकही एकच आहे.

पुळणीचे ढोबळमानाने तीन पट्टे पडतात. वरचा कोरडा आणि भुसभुशीत असतो. खालचा, लाटांनी चोपून काढलेला, इतका टणक असतो की त्यावर सायकल चालते. या दोहोंच्या मध्ये, विशेषतः जिथे वाडीकडचे पाणी झिरपत समुद्राला मिळते तिथे, पाण्याने तुडुंब भरलेला एक पट्टा असतो. तो दिसतो फरशीसारखा. गाडीने टणक पट्ट्यावर दोन फेऱ्या मारल्या, प्रवाशाने काच खाली करून मुलाकडे विजयी मुद्रेने पाहिले, आणि वळण घेताना पुढची चाके या मधल्या पट्ट्यात उतरली. अशा ठिकाणी चाक जागच्या जागी फिरू लागले की ते वाळू मागे फेकते आणि स्वतः खाली जाते. चालक घाबरून अॅक्सिलरेटर दाबतो, त्यामुळे ते अधिक उत्साहाने खाली जाते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिनाचे ओझेही पुढेच असते. गाडी नाकावर बसली आणि मागचा नंबर प्लेटचा भाग वर राहिला, तो लांबूनही वाचता येत होता.

त्या दिवशी पौष शुद्ध चतुर्दशी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही येतो. चौदाची पाऊणपट साडेदहा. सकाळी साडेदहाला पूर्ण भरती, नंतरची रात्री अकराच्या सुमारास, आणि मधोमध, साडेचार-पाचला, पूर्ण सुकती. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येऊन उधाण होते. तेव्हा भरतीचे पाणी नेहमीपेक्षा वर चढते आणि सुकतीचे नेहमीपेक्षा खाली उतरते. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, ती बेताची. प्रवाशाला पाच वाजता एवढी रुंद पुळण मोकळी मिळाली ती उधाणाच्या कृपेने, आणि ती परत घेतली जाणार होती. डोंबिवलीच्या घरी भिंतीवर तिथ्यांसह कॅलेंडर आहे. त्यावर दुधाचा हिशेब लिहितात.

भरतीचे पाणी सारख्या गतीने चढत नाही. सहा तासांच्या चढणीचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात प्रत्येकी तीन भाग, असा खलाशांचा ठोकताळा आहे. त्यामुळे पहिला तास सर्वांना पुष्कळ वेळ आहे असे वाटते, आणि तो सल्ल्यात जातो. रुतलेल्या गाडीभोवती जमणाऱ्या माणसांत काही ठरावीक प्रकार दिसतात. एक जण स्टिअरिंग उजवीकडे ठेवायला सांगतो, दुसरा डावीकडे. तिसरा कमरेवर हात ठेवून, मागच्या मे महिन्यात रुतलेली गाडी याहून मोठी होती, एवढीच माहिती पुरवतो. एक पोरगा मोबाइलवर चित्रण करतो. चाकांतली हवा कमी करा, म्हणजे टायर पसरून वाळूवर जास्त जागा धरेल, हे सांगणारा माणूस बरोबर होता, पण त्याने ते हळू आवाजात सांगितले. चाकांखाली पायपुसणी घातली, ती मागे उडाली. झावळ्या घातल्या, त्या आत गेल्या. चुलतभावाने वाडीतली फळी आणली आणि ती घालण्यापूर्वी, ही परत मिळेल ना, असे विचारले.

ओढण्यासाठी दोरी बांधायची तर गाडीला कडी लागते. ही कडी गाडीबरोबर येते, पण ती डिकीत स्टेपनीखाली ठेवलेली असते आणि बंपरवरचे एक लहानसे झाकण काढून तेथे पिळून बसवावी लागते. काही गाड्यांत तिचे आटे उलटे असतात. हे माहितीपुस्तिकेत छापलेले असते, आणि पुस्तिका प्लास्टिकच्या वेष्टनातून कधी काढलेली नसते. सहाच्या सुमारास पहिली फेसाळ कड पुढच्या चाकाला लागली तेव्हा प्रवासी वाळूत गुडघ्यांवर बसून कडी सुलट्या दिशेने पिळत होता आणि ती बनावट असल्याचे जाहीर करत होता.

या सगळ्या वेळात त्याची आई पुढच्या सीटवर बसून होती. तिला उतरण्याविषयी मुलाने, सुनेने, नातवाने आणि शेवटी अनोळखी माणसांनीही सांगितले. तिने काच पूर्ण खाली घेतली आणि उतरली नाही.

गुहागरच्या घरात ती एकोणीस वर्षांची असताना सून म्हणून आली होती. पुळण हाकेच्या अंतरावर. पहाटे पायरहाट, मग वाडीचे शिंपणे, मग चूल, दळण, धुणी, आल्यागेल्याची पाने, संध्याकाळी पुन्हा रहाट. समुद्र तिला रात्रभर ऐकू येई. त्याच्या दमटपणाने मीठ पाझरे, दुपटी वाळत नसत आणि विळीला गंज चढे, तो ती घासून काढी. पण सुनेने भरदिवसा उगाच समुद्रावर जाऊन बसावे अशी त्या घराची रीत नव्हती. नारळी पौर्णिमेला सगळ्यांबरोबर जायचे, नारळ सोडायचा, सगळ्यांबरोबर परत यायचे. पोरे तेवढी दिवसभर वाळूत असत. पुढे मुंबईत नवऱ्याने सांगितलेली आणि मुलाने वाढवलेली समुद्राची वर्णने तिने पाहुण्यांसमोर चहा ठेवता ठेवता ऐकली, काही न बोलता.

पाणी वाढते आहे, उतर, असे मुलाने पुन्हा ओरडून सांगितले तेव्हा ती म्हणाली, “थांब रे जरा. एवढा वेळ बसून मी हा कधी पाहिलाच नाही.”

त्यानंतर थोडा वेळ कोणी काही सुचवले नाही. त्या संध्याकाळी सल्ला एवढा वेळ थांबल्याची ही एकच नोंद आहे.

मग तिनेच विषय बदलला. इथे पोहायचो म्हणतोस, पण लाट दिसली की तुला कडेवर घ्यावे लागायचे, आत्यांनी सांगितलेय मला, असे ती म्हणाली. चित्रण करणाऱ्या पोराने हेही टिपले.

सात वाजता पॉवर टिलर आला. त्याने ओढायला सुरुवात केल्यावर गाडी हलली नाही, टिलर मात्र गाडीकडे आला. त्यानंतर वरच्या पाटावरून ट्रॅक्टर आणण्यात आला. ट्रॅक्टरवाल्याने गाडीकडे न पाहता आधी प्रवाशाला विचारले, “कोणाचे तुम्ही?” कोकणात या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या नावाने देत नाहीत, हे प्रवासी विसरला होता. त्याने आपले नाव, हुद्दा आणि डोंबिवलीतली सोसायटी सांगितली. ट्रॅक्टरवाला वाट पाहत राहिला. आईने खिडकीतून घराची खूण आणि सासऱ्यांचे नाव सांगितल्यावर तो लगेच खाली उतरला. त्याची आजी त्यांच्या वाडीत सुपाऱ्या सोलायला येत असे, हे पुढच्या मिनिटभरात दोघांनी मिळून ठरवले. पाणी तोवर चाकांच्या मध्यापर्यंत आले होते. आई त्याचा हात धरून उतरली, लुगड्याचा काठ उचलून पाण्यातून चालत बाहेर आली आणि वळून पुन्हा पाहत उभी राहिली.

कडी ट्रॅक्टरवाल्याने उलट्या दिशेने पिळून बसवली. होडी ओढायचा जाड दोर दुहेरी बांधला, गाडी न्यूट्रलमध्ये टाकायला सांगितली, आणि आठ-दहा जणांनी मागून रेटा दिल्यावर वाळूने मोठा आवाज करीत गाडी सोडली. प्रवाशाची एक चप्पल तेथे राहिली. माणूस घरचाच निघाल्याने ट्रॅक्टरवाल्याने ओढण्याचे पैसे घेतले नाहीत, फक्त डिझेलचे घेतले. डिझेल बरेच लागले होते.

खाऱ्या पाण्यात गेलेली गाडी लवकरात लवकर गोड्या पाण्याने खालून धुवावी लागते, नाहीतर मीठ ब्रेक, बेअरिंग आणि वायरींची टोके खाऊ लागते. एवढे गोडे पाणी समुद्राला लागून असलेल्या विहिरीत असते, याचे कारण वजनात आहे. खाऱ्या पाण्यापेक्षा गोडे पाणी हलके असल्याने पावसाचे मुरलेले पाणी जमिनीखाली समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहते. समुद्रसपाटीपेक्षा त्याची पातळी एक मीटर वर असेल तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडे पाणी असू शकते. याच हिशेबाने वरची पातळी थोडी उतरली तरी खालून खारे पाणी पुष्कळ वर येते. म्हणून मोटार लावून बेसुमार उपसा केला की किनाऱ्यावरच्या विहिरी मचूळ होतात. पायरहाटाने उपसणाऱ्याच्या पोटऱ्याच आधी भरून येत, त्यामुळे ती वेळ येत नसे. चुलतभावाने पाइप लावून चंद्राच्या उजेडात गाडी धुतली. आई मागीलदारी पायरीवर बसून किती पाणी जाते ते पाहत होती आणि अर्ध्या तासाने, पुरे आता, विहीर समुद्रावर नेऊन ओतू नका, असे म्हणाली. व्याडेश्वर, दुर्गादेवी आणि गणपती यांना दुसऱ्या दिवशी रस्त्यावरूनच हात जोडण्यात आले.

परतीचा प्रवास चिपळूणमार्गे झाला. डिकीत नारळ, सुपारी, आमसुले आणि कुळथाचे पीठ होते. काही आठवड्यांनी पुढच्या चाकांतून घरघर येऊ लागल्यावर गाडी डोंबिवलीच्या एका गॅरेजमध्ये नेण्यात आली. मेकॅनिकने चाक खोलून आतला पांढरा थर बोटाने खरवडला आणि गाडी समुद्रात घातली होती का, असे विचारले. पावसात भिजली असेल, असे प्रवाशाने सांगितले. गॅरेजच्या भिंतीवर माघ महिना लटकत होता. मेकॅनिक मूळचा समुद्रकाठच्या देवबागचा असल्याने त्याने वाद घातला नाही. दोन्ही बेअरिंग बदलले आणि बिलावर, कारण या रकान्यात, ‘भरती’ असे लिहिले.